कानाने टाकायचा गियर

आपल्यापैकी बहुतेकांना मालट्रक दिसतो तो मागून. रस्ता रुंद होण्यापूर्वीच्या दिवसांत अमरावतीहून अकोल्याला लग्नाला निघालेल्या कुटुंबाला बडनेरा सोडल्यापासून मूर्तिजापूर येईपर्यंत एखाद्या ट्रकचा फाळकाच काय तो डोळ्यांसमोर असे. फाळक्यावर रंगवलेला मोर, मालकाच्या मुलांची नावे, खाली लोंबणारी काळी वेणी आणि 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ही अक्षरे लिहायला बंदी घातली. मोर मात्र अजून आहेत. पुढे, काचेपाशी बसलेल्या माणसाबद्दल आपले मत मात्र फाळका बघूनच तयार झालेले असते. बेदरकार, व्यसनी, रस्ता अडवणारा. एवढ्यावर आपण त्याचा निकाल लावतो आणि संधी मिळताच हॉर्न वाजवत पुढे निघून जातो.

हा माणूस हे काम कुठे शिकला असेल, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. आपल्या घरात पेटी शिकायला गुरुजी येतात, गणिताला शिकवणी लागते, पोहायला शिकवायलाही माणूस असतो. पण सोळा टनांचे धूड सातपुड्याच्या उतारावरून सुखरूप खाली आणण्याची विद्या शिकवणारी शाळा आपल्या जिल्ह्यांत कुठे होती? शाळा होती, तिला इमारत नव्हती, एवढेच. त्या शाळेत एका उन्हाळ्यात काही रविवार बसण्याचे भाग्य मला लाभले. आज लिहायचे आहे ते त्या शाळेविषयी आणि तिथल्या फीविषयी.

फॉर्ममध्ये नसलेला रकाना

बँकेच्या नोकरीतली माझी बरीच वर्षे अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत गेली. लहान वाहतूकदारांना दिलेले कर्ज प्राधान्य क्षेत्रात मोडत असे, त्यामुळे ट्रकच्या कर्जाचे अर्ज आमच्या टेबलावर नेहमी येत. त्या काळी ट्रक आजच्यासारखा तयार मिळत नसे. चासीचे कोटेशन वेगळे आणि लाकडी बॉडी बांधणाऱ्या कारागिराचे वेगळे. महिन्याला फेऱ्या किती, डिझेल किती, टायर किती दिवसांनी बदलणार, ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता किती, या सगळ्यांसाठी फॉर्ममध्ये रकाने होते. ड्रायव्हरला गाडी किती येते, यासाठी मात्र रकाना नव्हता. खरे म्हणजे सगळा हप्ता त्यावरच अवलंबून असे. गियर ओरबाडून टाकणाऱ्या माणसाच्या हाती गाडी दिली की वर्षभरात गिअरबॉक्स उघडावा लागतो, क्लचप्लेट जळते, गाडी पंधरा दिवस गॅरेजात उभी राहते आणि हप्ता थकतो. थकलेल्या कर्जांच्या तपासणीला गेलो की कारण पुष्कळदा गॅरेजच्या बिलात सापडे.

१९९३ च्या सुमारास मी एक कादंबरी लिहीत होतो आणि तीत एक ट्रक ड्रायव्हर होता. तो बोलत होता, जेवत होता, भांडत होता. पण गाडी चालवायला बसला की कागदावर मुका होई. अकोल्यात एका जिनिंग फॅक्टरीची गाडी चालवणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, सावळे, कपाळाला अष्टगंध. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. मे महिन्यात कापसाचा हंगाम संपलेला असतो. जिनिंगचे प्रचंड आवार रिकामे पडलेले, कोपऱ्यात सरकीचा थोडा ढीग, आणि मधोमध रिकामा ट्रक. मालकांची परवानगी घेऊन उस्तादांनी मला त्या आवारात रविवारी सकाळी शिकवायचे कबूल केले. जीप मला चालवता येत होती. ट्रक मी सार्वजनिक रस्त्यावर कधी नेला नाही. तसा परवानाही माझ्याकडे नव्हता. मला ड्रायव्हर व्हायचे नव्हते, माझ्या ड्रायव्हरला बोलते करायचे होते.

पहिल्या रविवारी उस्तादांनी मला स्टीअरिंगला हातच लावू दिला नाही. क्लीनरच्या जागेवर बसवले आणि म्हणाले, "सायेब, गियर हातानं नाई टाका लागत, कानानं टाका लागते. आज फक्त आयका."

जात्याचा खुंटा

मोटारसायकल किंवा मारुती चालवणाऱ्याला यातली अडचण कळणार नाही, म्हणून थोडे यंत्राबद्दल सांगतो.

इंजिनाला ताकद असते ती फिरण्याच्या एका ठरावीक टप्प्यात. भरलेला ट्रक जागचा हलवायचा तर इंजिनाने पुष्कळ फेरे घ्यायचे आणि चाकाने थोडे. गाडी पळू लागली की हे प्रमाण बदलायचे. हे प्रमाण बदलणारी दातेरी चाकांची पेटी म्हणजे गिअरबॉक्स. आकडे घेऊन बघू. समजा थर्ड गियरमध्ये इंजिनाच्या अडीच फेऱ्यांना मागच्या दांड्याची एक फेरी होते आणि चौथ्यात दीड फेऱ्यांना एक. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर थर्डमध्ये मागचा दांडा ८०० फेरे घेतो. आता चौथा टाकायचा. गाडीचा वेग एका क्षणात बदलत नाही, म्हणजे मागचा दांडा ८०० वरच आहे. पण त्याच्याशी चौथ्यात जुळायचे तर पुढच्या बाजूने १२०० फेरेच हवेत. २००० चे १२०० होईपर्यंत थांबावे लागते. त्याआधी दांडा रेटला तर दातावर दात घासतो आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी खर्रर्र उठते.

आपल्या आज्यांना हे यंत्रशास्त्र न शिकता माहीत होते. जाते फिरत असते, खुंट्यावर एकीचा हात असतो आणि दुसरीला हात लावायचा असतो. ती आपला हात आधी खुंट्याच्या चालीने हवेतच फिरवते आणि मग अलगद खुंटा धरते. थांबलेला हात एकदम मध्ये घातला तर बोट दुखावते आणि जातेही अडखळते. गियर टाकणे म्हणजे फिरत्या खुंट्याला हात लावणे.

मोटारींत ही चाल जुळवून देणारी सोय फार जुनी आहे. अमेरिकेत कॅडिलॅकने १९२८ साली ती आणली. गियर जुळण्याआधी एक कडी दोन्ही बाजूंचा वेग सारखा करून घेते, त्यामुळे चालवणाऱ्याला फक्त क्लच दाबून दांडा सरकवायचा असतो. आपल्या जुन्या ट्रकांत ही सोय नव्हती. तिथे ते काम माणसाने करायचे आणि त्यासाठी क्लच दोनदा दाबायचा. क्लच दाबा, गियर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा. इंजिनाचा आवाज खाली येईपर्यंत थांबा. पुन्हा क्लच दाबा, वरचा गियर टाका. हे वर जाताना. खाली येताना उलटे. चौथ्यातून थर्डमध्ये यायचे तर १२०० चे २००० करायला हवेत. म्हणून न्यूट्रलमध्ये क्लच सोडून ॲक्सिलेटरवर पाय मारायचा, ज्याला ड्रायव्हर 'रेस देणे' म्हणतात, आवाज चढला की क्लच दाबून खालचा गियर. हाच तो 'डबल क्लच'. पायांना तीन पायंडे, हाताला एक दांडा, आणि या चौघांचा मेळ घालणारा पाचवा तो कान. इंजिनाचे फेरे मोजून दाखवणारा काटा त्या गाड्यांत बहुधा नसे. असला तरी घाटातल्या वळणावर त्याच्याकडे बघायला सवड कुणाला?

किती वेळ थांबायचे, हे उस्तादांनी मला घड्याळाने सांगितले नाही. रिकामी गाडी सपाटीवर थर्डमधून वर टाकताना 'जय गजानन' म्हणायला लागतो तेवढा वेळ, असे त्यांचे माप होते. चढावर तेवढाही वेळ नसतो, कारण गाडी स्वतःच भराभर मंदावत असते. शेगावच्या महाराजांचे नाव असे गिअरबॉक्सच्या मापाला लागलेले पाहून मला मौज वाटली. मी एकदा तसे बोललोही. ते गंभीरपणे म्हणाले, "नाव घेतलं का मानूस घाई करत नाई. गाडीले घाई नसते सायेब, आपल्याले असते."

चौथ्या रविवारी मला पहिल्यांदा तो क्षण मिळाला. दांडा तळव्यात घरघरत होता, इंजिनाचा सूर उतरत आला आणि एका जागी, अगदी एकाच जागी, घरघर थांबल्यासारखी झाली. दांडा दोन बोटांनी पलीकडे गेला. जोर लागलाच नाही. उस्तादांनी माझ्याकडे पाहिले नाही, समोर बघतच मान हलवली. त्यांच्या शाळेत शाबासकी एवढीच.

टॉमीचा ठोका

उस्तादांचे स्वतःचे शिक्षण असे रविवारच्या सवडीने झालेले नव्हते. चौदाव्या वर्षी ते क्लीनर म्हणून गाडीवर चढले. घरी त्यांचे वडील बैलबंडीने कापूस बाजारात नेत. तो काळ मर्सिडीज ट्रकांचा. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून मर्सिडीजची चांदणी लावलेले ट्रक बाहेर पडू लागले. हा करार १९६९ साली संपला, चांदणी गेली, पण उस्तादांसारखे जुने ड्रायव्हर पुढेही कितीतरी वर्षे त्या गाडीला मर्सिडीजच म्हणत. दुसरीकडे मद्रासच्या अशोक लेलँडचा 'कॉमेट' होता. टाटांच्या गाड्यांची नावे म्हणजे आकडेच असत. १२१० म्हणजे बारा टन एकूण वजन आणि शंभराच्या घरातली अश्वशक्ती. १६१२ म्हणजे सोळा टन आणि एकशेवीसच्या घरातली. इंजिनांचेही तसेच. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. न शिकलेला क्लीनरदेखील हे आकडे पाढ्यांसारखे म्हणून दाखवी.

या शाळेचे पहिले इयत्तावार काम म्हणजे गाडी धुणे, ताडपत्री ओढून दोर आवळणे, चाकाखाली दगड लावणे आणि टॉमीने टायर ठोकून पाहणे. हवा बरोबर असलेला टायर टणक आवाज देतो, बसलेला टायर भद्द वाजतो. मागच्या जोडचाकांपैकी आतला टायर डोळ्यांना दिसत नाही, तो कानानेच तपासायचा. म्हणजे कानाची तयारी इथूनच सुरू होई. दुसरी पायरी म्हणजे डावीकडे बसून, डोळे मिटून, गाडी कोणत्या गियरमध्ये आहे ते सांगायचे. तिसऱ्या पायरीला उस्ताद क्लच दाबत आणि क्लीनरने दांडा टाकायचा. पाय गुरूचे, हात शिष्याचा. रात्री, रिकाम्या गाडीवर, सरळ रस्त्यावर स्टीअरिंग हाती मिळायला चार वर्षे लागली. खर्रर्र झाली की मानेवर चापट बसे. उपाशी ठेवणारे उस्तादही होते, असे ते सहज सांगून गेले.

या शिक्षणाचे कौतुक करताना आपण जपून राहिले पाहिजे. चौदा वर्षांचे पोर घरापासून दूर रस्त्यावर राबत होते, पोटावारी काम करत होते आणि परवाना नसताना रस्त्यावर गाडी हाकत होते, हे यात दडलेले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहतुकीच्या गाडीच्या परवान्याला वयाची वीस वर्षे पूर्ण असण्याची अट घातली आणि त्याआधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचा परवाना हवा असे सांगितले. मध्यंतरी आठवी पासचीही अट होती. ती २०१९ मध्ये निघाली, कारण हातात कसब असलेली असंख्य माणसे केवळ शाळेच्या दाखल्यापायी बाहेर राहत होती. वयाच्या अटी शहाणपणाच्याच आहेत. प्रश्न एवढाच उरतो की जुनी शाळा बंद झाली आणि तिच्या जागी तितके कसून शिकवणारी नवी शाळा आपण फारशी उभी केली नाही.

घाटातला हिशेब

जुन्या लोकांनी वऱ्हाडाचे दोन भाग मानले आहेत, पूर्णेकाठचा सपाट पयनघाट आणि दक्षिणेकडचा डोंगराळ बालाघाट. अकोला-अमरावती हा सगळा पयनघाट. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचा रस्ता उंचसखल होतो, पण चढउतार असे नाहीत. टॉपमध्ये टाकून गाणी ऐकत जावे. खरी परीक्षा पयनघाट सोडल्यावर. दक्षिणेला वाशीमकडे जाताना पातूरचा घाट, उत्तरेला परतवाड्याहून घटांग, सेमाडोहकडे जाणारा मेळघाटचा रस्ता, आणि १११८ मीटर उंचीवरचे चिखलदरा.

घाटाचा नियम एका वाक्याचा आहे. ज्या गियरने चढाल त्याच गियरने उतरा. उतरताना खालच्या गियरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकवर भार कमी येतो. वरच्या गियरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याला सारखा ब्रेक दाबावा लागतो. मग ड्रम तापतात, तापून फुगतात, लायनिंगची पकड सुटते. हवेचे ब्रेक असतील तर पुन्हा पुन्हा दाबून टाकीतली हवा कमी होते आणि न्यूट्रलमध्ये मंद चालणारे इंजिन ती तितक्या लवकर भरून देत नाही. त्या वेळी शहाणपण सुचून खालचा गियर टाकायला जावे, तर गाडीचा वेग इतका वाढलेला असतो की कितीही रेस दिली तरी खुंट्याला हात लागत नाही. गियर न्यूट्रलमध्येच राहतो. पुढचे सांगायला नको.

हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असते. तरीही उतारावर न्यूट्रल मारला जातो. का? याचे उत्तर मला घाटात नाही, कर्जाच्या फाइलीत मिळाले. पुष्कळ मालक फेरीमागे डिझेल मोजून देत. ठरलेल्यापेक्षा जास्त लागले तर पगारातून कापणार, वाचले तर ड्रायव्हरचे. न्यूट्रलमध्ये उतरले की चार थेंब वाचतात असा समज. मालकाच्या डोक्यावर हप्ता, म्हणून तो डिझेल आखडून देतो. ड्रायव्हरच्या घरी मुलीची फी, म्हणून तो न्यूट्रल मारतो. बँकेचे व्याज आणि घाटातला दांडा यांच्यात असा सरळ धागा आहे. उस्ताद न्यूट्रल मारत नसत. मालकाला त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितले होते, "डिझेल तुमी मोजा, घाट मी मोजीन."

रविवारी मुलाबाळांना घेऊन चिखलदऱ्याला जाणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची, असा नियम आहे आणि त्याचे कारण गिअरबॉक्समध्येच आहे. चढावर भरलेला ट्रक थांबला की पुन्हा फर्स्टपासून सुरुवात. हँडब्रेक, क्लच आणि रेस यांचा मेळ बसेपर्यंत गाडी हातभर मागे येऊ शकते. पुढचा ट्रक गोगलगायीसारखा चढत असेल तर तो आपला रस्ता अडवत नसतो, आपला गियर सांभाळत असतो. तेव्हा हॉर्न वाजवू नये.

फी

कादंबरी लिहून झाली, माझी बदली झाली, तरी उस्तादांच्या घरी जाणे राहिले. त्यांना एक मुलगा. त्याच्या आईने मला दोनदा गाठून विनवले होते, "भाऊ, बँकेत शिपाई म्हनून लावून द्या, पन गाडीवर नोको." शिपायाची भरती माझ्या हातात नव्हती. मुलाचे मन गाडीतच होते. उस्तादांनी त्याला स्वतः शिकवायला नकार दिला. "बाप शिकवन तं रागावन. गाडीत राग चालत नाई," असे म्हणून त्याला दुसऱ्या उस्तादाच्या स्वाधीन केले.

पुढे त्यांच्या घरी गेलो की एक गोष्ट जाणवू लागली. वहिनींना हाक दोनदा मारावी लागे. रेडिओचा आवाज मोठा असे. त्या काळच्या केबिनमध्ये इंजिनाचा डबा ड्रायव्हरच्या कडेलाच असे. त्याच्यावर पत्र्याचे झाकण आणि झाकणावर गोणपाट. खिडक्या उघड्या, वरून हॉर्न. दिवसाला दहा-बारा तास, अशी चाळीस वर्षे. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याची श्रवणशक्ती हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही, हे वैद्यकशास्त्राला चांगले माहीत आहे. ज्या कानाच्या जोरावर उस्तादांनी विद्या मिळवली आणि घर चालवले, तो कानच त्या विद्येची फी म्हणून हळूहळू कापून घेतला जात होता.

काही दिवस त्यांनी तळव्याने गाडी चालवली. दांड्याची घरघर हाताला कळते, तिच्यावरून ते वेळ ओळखत. गियर तेव्हाही वाजत नसे. माझी खात्री आहे की त्यांच्या शेजारी बसलेल्या कुणालाही संशय आला नसता. वाहतुकीच्या परवान्याचे नूतनीकरण तेव्हा तीन वर्षांनी होई. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते पाच वर्षांनी होते. सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते आणि त्यात ऐकू येण्याविषयी विचारलेले असते. अशी प्रमाणपत्रे कशी मिळतात हे सांगायची गरज नाही. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी उस्ताद डॉक्टरांपुढे बसले आणि न विचारता म्हणाले, मला ऐकू येत नाही. परवाना गेला.

मी त्यांना विचारले, मोठ्याने विचारले, की आणखी चार वर्षे निघाली असती, असे का केले? ते म्हणाले, "गियर तं तयहातानं समजते सायेब. पन मांगून सायकलवर येनारं पोट्टं तयहाताले नाई समजत."

त्या दिवसापासून त्यांचे उत्पन्न थांबले. निवृत्तिवेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी तेव्हा १९६१ चा कायदा होता; त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातलेली होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक संस्थांना लागू होता. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस माणसांच्या आस्थापनेला लागू होता. एका गाडीचा मालक, एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर हे दोन्ही कायद्यांच्या जाळीतून खाली पडत. आमच्या फायलींतले बहुतेक ट्रक याच प्रकारातले होते. उस्तादांनी पुढे मुलाच्या मदतीने टायरपंक्चरचे दुकान टाकले. टॉमीचा ठोका त्यांना ऐकू येत नसे. ठोका ते मारत आणि आवाज नातू सांगे.

क्लच नसलेली गाडी

आज मुलगा सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि कंटेनर ओढतो. त्याच्या गाडीला क्लचचा पायंडा नाही. दोन दांड्यांचा वेग मोजून, इंजिनाचे फेरे जुळवून, संगणक स्वतः गियर टाकतो. जगात हे बरेच आधी सुरू झाले. व्होल्वोने आपली अशी पेटी २००१ मध्ये आणली. आता आपल्याकडचे कारखानेही असे ट्रक विकतात. अमेरिकेत अजूनही दहा, तेरा, अठरा गियरांचे आणि चाल जुळवणारी कडी नसलेले ट्रक आहेत. पण तिथेही स्वयंचलित गाडीवर परीक्षा देणाऱ्याच्या परवान्यावर तसा शेरा मारतात आणि त्याला हाताने गियर टाकायची अवजड गाडी चालवता येत नाही. दसऱ्याच्या पूजेला मुलाने उस्तादांना केबिनमध्ये बसवले. त्यांनी सगळे न्याहाळले आणि विचारले, "मंग डावा पाय काय करते?" मुलगा म्हणाला, "आराम." उस्ताद खूप वेळ हसत होते.

रस्तेही बदलले. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे आपल्या जुन्या सहा नंबरवर, एका पदराचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता अमरावती जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने जातो. अशा रस्त्यावर तासन्‌तास गियर बदलावा लागत नाही. मुलाची तक्रार उलटी आहे. त्याला झोप येते. हातापायांना काम नाही, कानाला काम नाही, समोर एकसारखा रस्ता. बापाचे कान गेले, मुलाला डोळे उघडे ठेवायची चिंता.

जुने गेले म्हणून गळा काढावा असे मला वाटत नाही. यंत्राने हे काम उचलले हे चांगलेच झाले. ज्यांना ही नोकरी शरीरबळाची वाटून बंद होती त्यांनाही दार किलकिले झाले आहे. अर्थात काही जणी दार उघडण्याची वाट न बघता आत शिरल्या. नंदुरबारला वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या योगिता रघुवंशी यांनी पतीच्या निधनानंतर भोपाळहून ट्रक चालवायला घेतला तो काही या स्वयंचलित गाड्या येण्याची वाट पाहून नव्हे. २०२३ पासून आपल्या एस.टी.च्या स्टीअरिंगवरही बायका दिसू लागल्या. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. काचा बंद राहिल्या तर गारव्याबरोबर थोडी शांतताही केबिनमध्ये येईल. उस्तादांच्या वेळी ती असती तर?

पण संगणकाने गियर टाकला तरी घाट मोजायचे काम माणसाकडेच राहते. पुढच्या वळणापलीकडे बंडी आहे की गुरे आहेत, रस्ता ओला आहे का, पाठीवर संत्री आहेत की सिमेंट, हे ओळखून उताराच्या तोंडाशीच गाडी खालच्या गियरला बांधून घ्यायची बुद्धी कारखान्यातून येत नाही. ती कुणीतरी कुणालातरी शेजारी बसून द्यावी लागते. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्याला चापट न मारणारी, पोटभर जेवू घालणारी आणि परवान्याआधी घाट दाखवणारी शाळा हवी. शिकवायला निवृत्त उस्ताद हवेत, आणि त्यांना मानधन हवे. एका गाडीच्या ड्रायव्हरलाही म्हातारपणी काही मिळेल अशी व्यवस्था हवी. आणि दर वर्षी त्याचे कान व डोळे तपासून मिळावेत, परवाना काढून घेण्यासाठी नव्हे, ते वेळीच वाचवण्यासाठी.

वरुड-मोर्शीची संत्री परराज्यात जातात, अकोल्याची सरकी गिरणीत पोचते, आपल्या स्वयंपाकघरातला तांदूळ दूरवरून येतो. हे सगळे कुणाच्या तरी पायाखालच्या पायंड्यांवरून येते. आपल्या घरी माल सुखरूप पोचवणारा माणूस स्वतःच्या घरी पोचला तर त्याला नातवाची हाक ऐकू यावी, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.